टँकर, धूळ आणि गेटवरचा नळ

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली वाक्यं थोडी नीट केली आहेत, बाकी जसंच्या तसं.)

आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज पाणी आणि हवा. हेडफोन लावून कुणी टँकरची वाट बघत उभं असेल, तर हा भाग खास तुमच्यासाठी.

माझी थोडी ओळख देते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, वय अठ्ठावीस. पुण्याच्या पूर्वेला, वाघोलीच्या बाजूला राहते. सोबत आई-बाबा. आईला दमा आहे. फ्लॅटचं कर्ज वीस वर्षांचं आहे, त्यातली दोन झाली. त्यामुळे "एवढा त्रास होतो तर दुसरीकडे जा ना" हा सल्ला माझ्या उपयोगाचा नाही. आपल्यातल्या बहुतेकांच्या नसेलच.

आधी जरा लांबून सुरुवात करू. मालदीवची राजधानी माले. समुद्रातलं एवढंसं बेट, त्यावर दाटीवाटीने वसलेलं शहर. तिथे नदी नाही, धरण नाही. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पावर सगळं शहर जगतं. डिसेंबर २०१४ मध्ये त्या प्रकल्पाला आग लागली आणि लाखभर माणसांचे नळ एकदम कोरडे पडले. भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजाने पाणी पोचवलं. चारी बाजूंना पाणी, आणि प्यायला पाणी विमानातून!

दुसरी गोष्ट त्याच बेटांची. १९९९ साली हिंदी महासागरावर 'इंडोएक्स' नावाचा मोठा आंतरराष्ट्रीय प्रयोग झाला. मालदीवच्या एका बेटावर हवा मोजायची यंत्रं लावली. तिथे कारखाने नाहीत, ट्रॅफिक नाही, तरी हिवाळ्यात तपकिरी धुरकट थर सापडला. तो आला होता आपल्या उपखंडातून. आपली जळणं, आपला डिझेलचा धूर.

म्हणजे बेटावर पाणी निदान जहाजाने आणता येतं, हवा आणता येत नाही. ती जी येईल ती घ्यायची. मला हे वाचताना आमची सोसायटी आठवली. शहराच्या कडेच्या नव्या सोसायट्या अशीच बेटं आहेत. भिंत आहे, गेट आहे, आत बाग आहे, आणि पाणी ट्रकमधून येतं.

आता पुण्याचं चित्र बघू. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही आपली चार धरणं. सगळी भरली की उपयुक्त साठा साधारण २९ टीएमसी. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २,८३२ कोटी लिटर. पण हे पाणी फक्त पुणे शहराचं नाही, त्यावर दौंड-इंदापूरकडची शेतीही अवलंबून आहे. आणि शहर तर वाढतंच चाललंय. २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी २३. आमचं वाघोली त्या तेविसातलं. पूर्व भागासाठी भामा आसखेडची योजना २०२१ च्या सुरुवातीला चालू झाली, वडगाव शेरी, खराडी बाजूला तिचा फायदा झाला. पण नकाशावर गाव शहरात येणं एका दिवसाचं काम. जलवाहिनी, टाक्या, पंपिंग हे वर्षानुवर्षांचं. मधल्या काळात टँकर.

टँकर किती लागतात याचा हिशोब सोपा आहे. सरकारी मानकाप्रमाणे शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. शंभर फ्लॅट, घरात चार माणसं, म्हणजे ५४,००० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोज पाच ते सहा. हे पाणी येतं कुठून? बऱ्याचदा बोअरवेलमधून किंवा विहिरीतून. आपला खडक म्हणजे बेसाल्ट. त्यात पाणी फक्त भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या थरात मुरतं. पावसाळ्यात भरतं, मार्च-एप्रिलला आटतं. मग टँकर आणखी लांबून येतो, आणि स्रोत बदलला की पाणीही बदलतं.

आता मुद्द्यावर येते. अशा ठिकाणी राहणारा माणूस काय करतो? विकत घेतो. आरओ घेतो, पाण्याचे जार लावतो, एअर प्युरिफायर घेतो. मीही घेतले आहेत, त्यात काही गैर नाही. पण प्रत्येकाने आपापल्या घरात यंत्र बसवलं की एक गोष्ट होते, जी आम्हाला बराच काळ दिसली नव्हती.

गेल्या पावसाळ्यात आमचे वॉचमन मामा आठवडाभर दिसले नाहीत. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला. विचारलं, तर म्हणाले, "ताई, जुलाब लागले होते. सलाईन लावायला लागलं." त्यांच्या आधी दुसऱ्या शिफ्टच्या दादांनाही तेच झालं होतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीलाही. फ्लॅटमध्ये मात्र कुणीच आजारी नाही.

मी मामांना विचारलं, "तुम्ही पाणी कुठलं पिता?"

"हेच की, गेटजवळच्या नळाचं. टाकीचं."

बघा, एकच टाकी. वर फ्लॅटमध्ये तेच पाणी आरओतून जातं, खाली गेटवर तसंच प्यायलं जातं. शंभर घरांत शंभर फिल्टर, त्यामुळे टाकीत काय आहे हे शंभर घरांना कळतच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरमध्ये बग आहे आणि प्रत्येक युझरने आपल्या लॅपटॉपवर पॅच मारलाय. तक्रार येत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं सिस्टिम मस्त चाललीय. ज्याच्याकडे पॅच नाही तो क्रॅश होतो, आणि त्याचं तिकीट कुणी घेत नाही.

जानेवारी २०२५ आठवतंय ना? सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएसचे रुग्ण एकदम वाढले. गियाँ-बारे सिंड्रोम. यात आपलीच रोगप्रतिकारशक्ती आपल्या मज्जातंतूंवर हल्ला करते, हातपाय लुळे पडतात. बहुतेक जण बरे होतात, पण काहींना व्हेंटिलेटर लागतो, काही दगावतात. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण तो बऱ्याचदा पोटाच्या संसर्गानंतर येतो, आणि पुण्यातल्या काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचे जिवाणू सापडले. मग विहिरी, टँकर, खाजगी आरओ केंद्रं, सगळ्यांच्या पाण्याची तपासणी सुरू झाली आणि काही केंद्रं बंद करावी लागली. लक्षात घ्या, आरओ केंद्रंसुद्धा. यंत्र आहे म्हणजे पाणी शुद्ध, असं नसतं.

इथे एक गैरसमज दूर करते. टीडीएस मीटर. शंभर-दोनशे रुपयांचं ते पेन पाण्यात बुडवायचं आणि आकडा कमी आला की "पाणी एक नंबर" म्हणायचं. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. भारतीय मानकात तो ५०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य धरतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. बोअरचं पाणी जड असतं, गीझरमध्ये पांढरा थर बसतो, तो या क्षारांचा. पण टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत. सांडपाणी मिसळलेल्या पाण्याचाही टीडीएस कमी येऊ शकतो. आणि ज्यांच्याकडे धरणाचं, कमी क्षारांचं, शुद्धीकरण केंद्रातून आलेलं पाणी येतं, त्यांना बहुतेक वेळा आरओची गरजच नसते. आरओ बरंचसं पाणी वाया घालवतो. निदान ते पाणी फरशी पुसायला, झाडांना वापरा.

मग आम्ही काय केलं? सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला. सेक्रेटरी काका म्हणाले, "अगं, पाण्याचा रिपोर्ट दरवर्षी येतो की." रिपोर्ट खरंच होता. नमुना होता गच्चीवरच्या टाकीचा, महिना एप्रिल. आजारपणं ऑगस्टमधली आणि गेटवरची.

एच-टू-एस बाटली नावाची एक साधी चाचणी असते. भारतातच तयार झालेली आहे, ग्रामपंचायतींमध्ये बऱ्याच वर्षांपासून वापरतात. छोटी निर्जंतुक बाटली, आत औषध. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचं. पाणी काळं पडलं तर मैलापाण्याचा संशय धरायचा. नाही पडलं म्हणजे शंभर टक्के सुरक्षित असं नाही, पण काळं पडलं तर मात्र दुर्लक्ष करायचं नाही, पुढची तपासणी प्रयोगशाळेत करायची.

आम्ही चार ठिकाणांहून नमुने घेतले. टँकरचा पाइप, जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी आणि गेटचा नळ. दुसऱ्या दिवशी टँकरची बाटली स्वच्छ. बाकी तिन्ही काळ्या.

सगळ्यांचा राग टँकरवाल्यावर होता आणि दोष निघाला आमच्याच टाकीत. खालच्या टाकीचं झाकण एका कोपऱ्यात तुटलेलं आणि शेजारी ड्रेनेजचं चेंबर. जोराचा पाऊस झाला की चेंबर तुंबायचं आणि पाणी झाकणापर्यंत यायचं. टाकी रिकामी करून धुतली, झाकण बदललं, तोंड फूटभर वर उचललं. चेंबरचं कामही करून घेतलं. खर्च फ्लॅटमागे आला एका आरओच्या फिल्टर बदलण्यापेक्षा कमी.

पण टँकरची एक बाटली स्वच्छ आली म्हणून टँकर नेहमीच चांगला, असंही नाही. म्हणून गेटवर एक वही ठेवली. तारीख, वेळ, गाडी नंबर, पाणी कुठून भरलं आणि क्लोरीन किती. क्लोरीनचं छोटं किट मिळतं. पाण्यात गोळी टाकायची, गुलाबी छटा आली की सोबतच्या पट्टीशी जुळवायची. प्यायच्या पाण्यात शेवटच्या नळापर्यंत लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं, असं मानक सांगतं. ते उरलेलं क्लोरीनच वाटेतल्या नव्या जंतूंना आवरतं.

मीटिंगमध्ये वाद झाला. एक ताई म्हणाल्या, क्लोरीन नसेल तर टँकर परत पाठवा. दुसरे काका म्हणाले, "परत पाठवला तर संध्याकाळी आंघोळ कशाने करणार?" खरं होतं त्यांचं. म्हणून ठरलं की टँकर आत घ्यायचा, पण टाकीत क्लोरीन आपण टाकायचं. साधारण हिशोब असा: दहा हजार लिटरला, लिटरमागे दोन मिलिग्रॅम धरलं तर २० ग्रॅम क्लोरीन लागतं. ब्लीचिंग पावडरमध्ये पाव भाग क्लोरीन धरलं तर ८० ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी टाकीत ओतायचं, अर्धा तास थांबायचं आणि मग किटने तपासायचं. पावडर जुनी झाली की तिचा जोर कमी होतो आणि पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्च होतं, म्हणून शेवटचा आकडा किटचा मानायचा, हिशोबाचा नाही. हे काम एका माणसाला नीट शिकवून त्याच्याकडेच द्या. दहा जणांनी अंदाजाने टाकू नये.

आणि गेटवर एक फिल्टर बसवला. वॉचमन, सफाई कामगार, मावशी, डिलिव्हरीवाली मुलं, सगळ्यांसाठी. तिथलं पाणी महिन्यातून एकदा तपासायचं. मुद्दाम गेटचंच, कारण तिथे ठीक असेल तर वर ठीक असण्याची शक्यता जास्त.

आता हवा. ही जास्त अवघड, कारण हवेला झाकण लावता येत नाही.

पुणे टेकड्यांच्या मध्ये आहे. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवाही गार होऊन खाली बसते आणि वर उबदार हवेचं झाकण तयार होतं. मग धूर, धूळ, सगळं खालीच कोंडतं. सकाळी ऊन चढेपर्यंत तसंच. पावसाळ्यात याच पुण्याची हवा छान असते, पाऊस धुऊन काढतो. कडेच्या भागात त्यात बांधकामं, काँक्रीटचे प्लांट, कच्चे रस्ते, उघडे ट्रक आणि मोकळ्या प्लॉटवर पेटवलेला कचरा यांची भर.

मोजायचं ते पीएम २.५. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीस पट लहान. हे फुप्फुसात खोल जातात. चोवीस तासांच्या सरासरीला आपलं राष्ट्रीय मानक ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासून १५. म्हणजे ॲपवर हिरवा रंग दिसला तरी दमेकऱ्याने फार निर्धास्त होऊ नये. पाषाणच्या आयआयटीएमची 'सफर' सेवा आहे, केंद्रीय प्रदूषण मंडळाचं 'समीर' ॲप आहे. हे देशातलं महत्त्वाचं काम आपल्या पुण्यात होतं याचा मला अभिमान आहे. फक्त सरकारी केंद्र आपल्या घरापासून दहा किलोमीटरवर असेल, तर शेजारच्या प्लॉटवरचं जळण त्याला दिसणार नाही.

म्हणून गच्चीत एक छोटा सेन्सर लावला. हे स्वस्त सेन्सर लेझरच्या उजेडात कण मोजतात आणि धुक्यात पाण्याच्या थेंबांनाही धूळ समजून आकडा फुगवतात. त्यामुळे नेमक्या आकड्यावर भांडू नका, दिवसभरातला चढउतार बघा. आमच्याकडे रोज दोन उंचवटे दिसले. एक रात्री अकरानंतर, एक पहाटे पाच ते आठ. आई फिरायला जायची सहाला! आता ती चारनंतर जाते, खिडक्या दुपारी उघडतो आणि झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसतो. तिचा पंप बंद झालेला नाही, पण रात्रीची ढास कमी झालीय. प्युरिफायर तिच्या खोलीत आहे, तो दारं-खिडक्या बंद असतील तरच काम करतो आणि फिल्टर वेळेवर बदलला तरच.

रात्रीच्या उंचवट्याचं कारण शोधायला बाबा आणि मी खाली गेलो. गेटबाहेर शेकोटी. पुठ्ठे, प्लायवूडचे तुकडे, मध्येच प्लास्टिक. भोवती आमचे मामा आणि समोरच्या बांधकामावरचे तीन मजूर. बाबा म्हणाले, "अहो मामा, हा धूर तुमच्याच छातीत जातो." मामा म्हणाले, "साहेब, थंडी पण आमच्याच छातीत जाते."

यावर काय बोलणार? शेकोटीला बंदी घालणारी नोटीस लावणं सोपं होतं आणि मीटिंगमध्ये तसं सुचवलंही गेलं. त्याऐवजी केबिनमध्ये छोटा हीटर लावला, जाड जॅकेटं घेतली. आमच्या गेटची शेकोटी थांबली. समोरच्या मजुरांची थांबलेली नाही, कारण त्यांची केबिन नाही, पत्र्याची खोली आहे, आणि आमचा हीटर तिथवर पोचत नाही. त्यांच्या ठेकेदाराशी बोलणं चालू आहे. धुळीसाठी हिरवी जाळी आणि पाणी मारणं सुरू झालंय, रोज नाही, पण सुरू झालंय. कचरा पेटलेला दिसला की फोटो, वेळ आणि ठिकाण टाकून तक्रार करायची. सेन्सरचा आलेख सोबत जोडला तर बोलणं लवकर पुढे सरकतं, हा अनुभव आहे.

अठराव्या शतकात कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणलं होतं, नळातून पेठांमधल्या हौदांपर्यंत. हौद सगळ्यांना दिसायचा, पाणी गढूळ झालं तर सगळ्या आळीला कळायचं. मी त्या काळाचं कौतुक करत नाहीये. हौदावर कुणाला पाणी भरू द्यायचं आणि कुणाला नाही, हे तेव्हा जात ठरवायची. महात्मा फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला, तोही याच शहरात. पण पाणी एक आहे तर त्याची खबर सगळ्यांना असली पाहिजे, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे. आमच्याकडे आता लिफ्टशेजारी एक पांढरा फलक आहे. टँकरची संख्या, क्लोरीन, बाटलीचा निकाल, सकाळची हवा. गेल्या महिन्यात एक दिवस क्लोरीनचा रकाना रिकामा राहिला, तर पाचव्या मजल्यावरच्या आजींनी सेक्रेटरी काकांना फोन करून विचारलं.

जलवाहिनी आली की हे सगळं सोपं होईल, ती लवकर यावी म्हणून पाठपुरावा चालू ठेवायलाच हवा. वहीतले आकडे तिथेही उपयोगी पडतात, कारण "आम्हाला पाणी नाही" यापेक्षा "आम्ही महिन्याला एवढे टँकर घेतो" हे जास्त नेमकं आहे.

तर या आठवड्यात एकच काम करा. तुमच्या सोसायटीच्या वॉचमनना विचारा, तुम्ही पाणी कुठलं पिता. त्या नळाचं पाणी तपासा. पाणी उकळायचं असेल तर खळखळून किमान एक मिनिट उकळा. आणि घरात कुणाला जुलाबानंतर हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा जाणवला, तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

पुढच्या भागात सेन्सर कसा जोडायचा, डेटा कसा साठवायचा, ते सविस्तर सांगते. तोवर काळजी घ्या. भेटूया!